क्रेनला टांगलेली अंजिरे

रविवार, दिनांक १९ एप्रिल २०२६ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मी सिरसाळ्याला एका लग्नात अक्षता हातात घेऊन बसलेली असताना, तेलगाव येथील माझ्या राहत्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेली अंजिरे माझा पुतण्या तानाजी याने खाली उतरवली, सुतळीत ओवायला घेतली आणि मग दूध संघाचे नवे अध्यक्ष उत्तरेश्वरराव यांच्या स्वागताचा हार म्हणून क्रेनला टांगली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण या पराक्रमाचे चित्रीकरण त्याने स्वतःच गावाच्या ग्रुपवर टाकले, आणि पंगतीत पान वाढून होईपर्यंत ते मला तिघांनी दाखवले. तिघेही हसत होते.

घरावर लक्ष ठेवायला मी त्यालाच सांगून गेले होते. "काकू, बिनघोर जावा," असे तो म्हणाला होता.

सबब, मी, वनमाला राधाकिशन लगड, वय ६८, सेवानिवृत्त उपडाकपाल, राहणार तेलगाव, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब वाढलेला असल्याचा उल्लेखही त्यात आहे. तो एकोणीस एप्रिलपूर्वी वाढलेला नव्हता, याची वाचणाऱ्याने नोंद घ्यावी. मला कोणी फूस लावलेली नाही. मला फूस लावणे सोपे असते तर पोस्टाच्या खिडकीत बसून मी सेवानिवृत्तीपर्यंत पोहोचले नसते.

कलम पहिले. याआधी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते एका पानाचे होते. घर, जागा, झाडे, ठेवी, भांडीकुंडी, सगळे तानाजीला, एवढाच त्याचा मजकूर. तेव्हा याहून जास्त लिहायची गरज वाटली नव्हती.

कलम दुसरे, झाडांविषयी. कारण भांडण त्यांचेच आहे, आणि माझ्यानंतर कोणीतरी म्हणणार की म्हातारी चार फळांसाठी चिडली.

माझे शिक्षण जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले. माझे वडील तिथल्या जिनिंगमध्ये कारकून होते आणि मुलीला इंग्रजी आले म्हणजे तिचे भले होईल असे त्यांना वाटे. इंग्रजी मला आले. त्याचा तेलगावात उपयोग एवढाच झाला की लोक औषधांच्या चिठ्ठ्या वाचून घ्यायला पोस्टात येत. कॉन्व्हेंटच्या मागच्या अंगणात अंजिराचे झाड होते आणि ते सिस्टर बेनेडिक्टांच्या ताब्यात होते. कच्चे अंजीर तोडणाऱ्या मुलीच्या तळहातावर त्या पट्टी मारत आणि मग त्याच हातावरचा चीक खोबरेल तेलाने पुसून काढत. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, हे मला त्या पट्टीने शिकवले. आंबा आढीत पिकतो, केळी पिकते. अंजीर कच्चे तोडले की ते कच्चेच मरते. नाताळच्या केकसाठी त्या उन्हाळ्यात अंजिरे वाळवून बरण्यांत भरून ठेवत, आणि त्यांच्या बरण्यांना कधी वास आल्याचे मला आठवत नाही.

पुढे त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी झाडाची एक फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिली. ती माझे पती कै. राधाकिशन यांनी या अंगणात लावली. ते फिटर होते. यंत्राखेरीज कशात त्यांना गोडी नव्हती, पण शेळ्या येऊ नयेत म्हणून त्यांनी त्या काडीभोवती असा पिंजरा केला की लोक विचारायचे, आत वाघ ठेवलाय का. त्या एका झाडाच्या फांद्यांपासून आणखी चार झाली. तेलगावच्या उन्हात अंजीर जसे वाळते तसे जालन्यातही वाळत नसे. देवाने आमच्या भागाला पाऊस देताना हात आखडला; निदान या कोरड्या उन्हाचा तरी उपयोग करावा, असे मी म्हणते.

तानाजी हा माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. आम्हाला मूल नाही, त्यामुळे तो त्याच्या घरी झोपायला आणि आमच्याकडे जेवायला असे. लहानपणी याच पहिल्या झाडावर कच्ची अंजिरे चोरायला चढला आणि फांदीसकट खाली आला. अंजिराचे लाकूड ठिसूळ, भार घेत नाही, हे त्याला सांगितलेले होते. डावा पाय मोडला. पाय बरा झाला, पण डावी टाच ओढत चालण्याची सवय राहिली ती आजतागायत. त्याच्या डाव्या चपलेची टाच नेहमी आधी झिजते.

कलम तिसरे, एकोणीस एप्रिलची हकिकत. ती मी येथे लिहून ठेवते, कारण गावात तिच्या चार आवृत्त्या फिरत आहेत आणि चारही तानाजीच्या सोयीच्या आहेत.

उत्तरेश्वररावांच्या स्वागताला प्रत्येक गट आपापला हार आणि आपापली क्रेन घेऊन येणार होता. हा नवा धर्म कोणी काढला मला माहीत नाही; पूर्वी माणूस माणसाच्या गळ्यात हार घालत असे. कोणाचा सफरचंदांचा होता, कोणाचा मोसंब्यांचा. तानाजीला वेगळे काही हवे होते. माझी शेजारीण छबुबाई आपल्या भिंतीवरून सगळे पाहत होती. तिने गच्चीवर चढलेल्या तानाजीला हटकले.

"ए तानाजी, पोस्टाच्या बाई घरी न्हाईत. कावून हात लावतूस रं?"

"मावशी, काकूचंच नाव होणार हाय. सफरचंदाचा झाला, मोसंबीचा झाला, अंजिराचा हार आख्ख्या जिल्ह्यात कुणी केला न्हाई."

"आरं पण वली हायत ती अजून!"

"वर टांगल्यावर वारं लागतंय. वाळतेत."

वर टांगल्यावर वाळतेत. ज्याला मी पंचवीस उन्हाळे अंजिरे उलटायला गच्चीवर पाठवले, त्याचे हे ज्ञान. अर्धवट वाळलेल्या अंजिराची साल कातड्यासारखी आणि आत मध असतो. त्याला सुई लावली की तो फुटतो. फुटलेली अंजिरे टाकून दिल्यावर हार आखूड पडला, म्हणून या मंडळींनी झाडांवरची कच्ची तोडून त्यात ओवली. रस्त्यावर इतरांच्या क्रेन असल्यामुळे यांची क्रेन माझ्या अंगणात मागे घ्यावी लागली, आणि तिचे पाय टेकायला जागा होईना, म्हणून पहिले झाड बुंध्याशी करवतीने कापले. हे सारे मी लग्नाचे जेवण संपवून यायच्या आत.

पुढे काय झाले ते चित्रीकरणात आहे. कच्च्या अंजिरांचा चीक, जो कातडीला लागला की आग होते, तो उन्हात ठिबकत होता. हार खाली आला, उत्तरेश्वररावांच्या मानेला टेकला, आणि साहेबांनी भाषण सुरू करून एक हात जो मानेवर नेला तो शेवटपर्यंत खाली आणला नाही. दोन वाक्यांत त्यांनी आभार मानले आणि गाडीत बसून दवाखान्यात गेले. सुतळी तुटून उरलेला हार रस्त्यावर पडला. तो छबुबाईच्या शेळ्यांनी खाल्ला. "शेळ्यांनी रस्ता तरी साफ केला," असे छबुबाई मला वर ऐकवते.

मी आल्यावर तानाजी अंगणात उभा होता. मी खुंटाकडे पाहत राहिले. तो म्हणाला, "काकू, एवढं काय मनावर घेता? पाच होती, चार हायत. जागा उलट मोकळी झाली. इथं आपलं संपर्क कार्यालय लई भारी दिसंल. झाडं कवाबी लावता येतेत, रोडटच जागा पुन्हा घावत न्हाई."

तेव्हा मला कळले की माझ्यामागे उरलेल्या चार झाडांचे काय होणार आहे. त्या दिवसापासून तो माझ्यासमोर आलेला नाही, आणि मीही बोलावलेले नाही.

कलम चौथे, अवजारांविषयी. कै. राधाकिशन यांनी अंजिरे वाळवायला केलेल्या जाळीच्या लाकडी चौकटी, पितळेचे मोठे पातेले, आणि चिनी मातीच्या सर्व बरण्या मी छबुबाई सटवा गडदे, व्यवसाय शेळीपालन, माझी शेजारीण, हिला देत आहे. हे वाचून गावाला धक्का बसेल. मलाही बसला.

छबुबाईशी माझे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. कारण शेळ्या. तिच्या शेळ्यांनी माझ्या झाडांचा पाला खाल्ला, खातात आणि खात राहतील. शेळ्यांविषयीची माझी तक्रार मी या मृत्युपत्राने मागे घेत नाही. परंतु त्या रविवारी पूर्ण गावात एकटी तीच मध्ये पडली. जिन्यातून अंजिरांनी भरलेली एक चौकट खाली येत असताना तिने ती ओढून घेतली, मांडीवर ठेवली, वर पदर पसरला आणि "ही माझी हाय, बाईनं मला दिलीय" असे ठोकून दिले. मी तिला आयुष्यात एक अंजीर दिलेले नव्हते.

आता पुढचे ऐका. ही वाचवलेली अंजिरे तिने मला त्याच संध्याकाळी द्यायची की नाही? नाही. आम्ही बोलत नव्हतो ना! मी विचारायला येईन म्हणून ती वाट पाहत बसली, आणि मला काही वाचले आहे हेच माहीत नव्हते. कोणाची नजर पडू नये म्हणून तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पत्र्याच्या पेटीत, गोधडीखाली ठेवली. आठवडा उलटल्यावर पिशवी घेऊन दारात आली.

"पोस्टाच्या बाई, तुमची अमानत."

पिशवी उघडली तर आंबूस वास. निम्म्यांवर हिरवट बुरशी. मी म्हणाले, "छबुबाई, हे काय केलेस?"

"काय केलं म्हंजे? राखली की!"

"मग लगेच का आणून दिली नाहीस?"

"बोलत कुटं व्हतो आपुन?"

बरे, त्यातली जी चांगली होती, ज्यांवर साखर फुटून पांढरी पूड आली होती, तीच तिने बुरशी समजून शेळ्यांना घातली होती.

तेव्हा चौकटींबरोबर पुढील सूचना तिला वाचून दाखवाव्यात, आणि मध्ये बोलू लागली तर पुन्हा पहिल्यापासून वाचाव्यात. अंजीर झाडावर ताठ असेल तर हात लावू नये. देठापाशी मान टाकून लोंबू लागले, सालीवर बारीक चिरा दिसल्या, तळाच्या डोळ्यात मधाचा थेंब आला, की ते तयार. उन्हे चढण्याआधी, हाताला तेल लावून, देठासकट काढावे. उकळत्या मिठाच्या पाण्यात बुडवून लगेच काढावे. शिजवायचे नाही, छबुबाई, बुडवायचे. निथळून चौकटीवर एकमेकांना न चिकटता मांडावीत आणि वर जुन्या धोतराचे पातळ कापड बांधावे. दिवसातून एकदा उलटावीत. संध्याकाळी आत घ्यावीत, रात्रीची हवा ओल आणते. निम्मी वाळली की बोटांनी चपटी दाबावीत. दाबल्यावर रस येत नाही, वाकवले तर मोडत नाही, हाताला चिकटत नाही, तेव्हा थांबावे. दगड करू नयेत, माझे दात विकतचे आहेत. तोवर मी नसेन, पण दुसऱ्या कोणाचे असतील.

पूर्ण थंड झाल्यावर आधी काचेच्या बरणीत काही दिवस सैल झाकून ठेवावीत आणि रोज हलवावीत. काचेला आतून दव धरले तर पुन्हा उन्हात घालावीत. दव धरले नाही तरच चिनी मातीच्या बरणीत, मध्ये कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून, कापडाने तोंड बांधून ठेवावीत. पांढरी पूड गोड लागते, ती साखर. वास येतो ती बुरशी. प्लास्टिक नाही. पत्र्याची पेटी नाही. गोधडी तर नाहीच.

कलम पाचवे, घर व जागेविषयी. माझ्या पगारातून बांधलेले हे घर, त्याखालील रस्त्याकडेची जागा आणि उभी चार झाडे मी तानाजीची मुलगी ऋतुजा हिला देत आहे. ती परभणीला शेतकी शिक्षण घेत आहे. फोनवर तिने मला "आजी, खुंट मातीनं झाकू नका, उघडाच राहू द्या" एवढेच सांगितले. बापाची बाजू घेतली नाही आणि बापाला शिव्याही दिल्या नाहीत. माझ्या पोस्टातील ठेवीही तिच्याच, मात्र बापाच्या हातून नव्हे. झाडे तोडू नयेत व जागेवर शटरचे गाळे काढू नयेत, अशी अट आहे. अंगण व गच्ची अंजिरे वाळवण्यासाठी वापरण्याचा हक्क छबुबाईला ती जिवंत असेपर्यंत राहील. तिच्या शेळ्यांना नाही.

कलम सहावे. तानाजीला मी त्याने त्या दिवशी लावलेला फ्लेक्स देत आहे, ज्यावर माझा न विचारता घेतलेला फोटो आणि "काकूंच्या बागेतून साहेबांच्या गळ्यात" असे वाक्य आहे. तो मी जपून ठेवला आहे. उरलेल्या झाडांखाली पडणारी फळे झेलायला तो चांगला उपयोगी पडतो. त्याची बायको मोहिनी हिला माझी हिरवी काठपदराची साडी. ती दुसऱ्या दिवशी अंगण झाडायला आली, करवतीचा भुसा झाडून गेली, आणि हे मी पाहिले आहे.

कलम सातवे. माझ्या अंत्यविधीला हार आणू नयेत. कोणीही भाषण करू नये. अंगणात क्रेन आल्यास मी उठून बसेन.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी धारूरचे वकील रामहरी डोंगरे यांनी करावी. छबुबाईने साक्षीदार म्हणून सही करण्याचा हट्ट धरला होता. "मी डोळ्यानं बघितलं सगळं, अन् साक्ष दुसऱ्याची कावून?" मी तिला सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, केली तर मिळायचे ते जाते. तिने बराच विचार करून विचारले, "बरण्याबी जातेल?" जातील म्हटल्यावर ती भिंतीपलीकडे गेली आणि तिथूनच पाहते म्हणाली. आत्ताही पाहत आहे.

कलम नववे, आणि याच्यासाठी मी अजून दुय्यम निबंधकांकडे गेलेले नाही.

कापलेल्या झाडाच्या खुंटाला फुटवे आले आहेत. तीन, हिरवे, अंगठ्याएवढे. अंजीर बुंध्यातून पुन्हा उभे राहते, पाणी मिळाले तर. मी त्या खुंटाला पाणी घातलेले नाही. रागाने मी तिकडे पाहणेच सोडले होते. छबुबाईने घातलेले नाही. ती म्हणते, तिला वाटले मीच घालते. तरीही सकाळी उठून पाहते तर खुंट ओला, आणि भोवतीच्या चिखलात चपलांचे ठसे. उजवा ठसा नीट उमटलेला. डाव्याची टाच घासत गेलेली.

बरे, घालणाऱ्याने घालावे तर नीट घालावे! सगळे पाणी खुंटाच्या कापलेल्या तोंडावर ओतलेले असते. असेच चालले तर पावसाळ्याआधी तो आतून कुजेल आणि फुटवे गळून पडतील. म्हणजे कापताना अक्कल नव्हती आणि वाचवतानाही नाही.

हे पाणी कोण घालते ते त्याने मला स्वतः सांगितल्यास, आणि झाड पुन्हा उभे करीपर्यंत सांभाळण्याचे लिहून दिल्यास, मी कलम पाचवे नव्याने लिहीन आणि ऋतुजाबरोबर तिच्या बापाचेही नाव घालीन. न सांगितल्यास हे मृत्युपत्र आहे तसे १६ जूनला धारूरला नोंदवले जाईल. मी सकाळच्या एसटीने जाणार आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून लिहिले आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना पाहिले, आणि चहा झाला.

सही: वनमाला राधाकिशन लगड

साक्षीदार:
१. रामकिसन भानुदास तिडके, सेवानिवृत्त पोस्टमन, तेलगाव. (सही)
२. जानकीबाई माणिक शेळके, सेवानिवृत्त शिक्षिका, तेलगाव. (सही)

स्थळ: तेलगाव, जिल्हा बीड
दिनांक: सोमवार, २५ मे २०२६

प्रत, उत्तरासाठी: चि. तानाजी यास.

खुंटाला सकाळी पाणी घालणारा तूच आहेस काय? असल्यास, उद्यापासून ते खुंटावर न ओतता हातभर लांब आळे करून त्यात घालशील काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या हस्ताक्षरात, कागदावर, सोमवार दिनांक १५ जून २०२६ रोजी संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हाती आली पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला अंगठा चालणार नाही. 'सॉरी' चालणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये तो शब्द आम्ही गुडघ्यावर बसून म्हणत होतो. स्पीड पोस्टाने पाठव, किंवा सकाळी आलास की दार वाजव. मी पाचपासून जागी असते.